हाताचं भरतकाम शिकताना: बडोद्यातल्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी शनिवारी दुपारी भरतकामाचा छोटा वर्ग भरतो. कॉलेजच्या मुली येतात, नातवंडासाठी दुपटं करायला निघालेल्या आज्या येतात, आणि नवरात्र जवळ आलं की चणिया-चोलीवर आभले, म्हणजे छोटे आरसे, लावायला शिकवा म्हणत अख्खी गल्ली येते. माणसं बदलतात, प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते उत्तरांसकट लिहून ठेवते आहे. एक शब्द यात पुन्हा पुन्हा येईल: ओढ. सुई खाली गेल्यावर धागा किती ताणून बसवायचा, ती ओढ. टाक्याची कृती दहा मिनिटांत कळते, हाताला ओढ कळायला वेळ लागतो, आणि काम चांगलं दिसणं त्याच्यावरच असतं.

अगदी पहिला टाका कोणता शिकायचा?

धावदोरा. हे ऐकून बऱ्याच जणींचा चेहरा पडतो, कारण त्यांना थेट गुलाबाचं फूल काढायचं असतं. पण आपल्या गोधड्या याच एका टाक्यावर उभ्या आहेत आणि बंगालचा कांथाही मुळात हाच टाका आहे. वीतभर मांजरपाट घ्या, त्यावर पेन्सिलीने बोटभर अंतरावर सरळ रेघा मारा आणि भरत सुटा. वर दिसणारा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मधली फट त्याच्या निम्मी. पहिल्या दोन रेघा वेड्यावाकड्या येतील. पाचव्या-सहाव्या रेघेला हात आपोआप एका मापात पडू लागतो. तो तुकडा टाकून देऊ नका, कोपऱ्यात तारीख घालून ठेवा.

एकूण किती टाके आले म्हणजे पुरे?

सात. धावदोरा, उलटी टीप, देठाचा टाका, साखळी, काजाचा टाका, सॅटिन (शेजारी शेजारी टाके घालून आकार भरणं) आणि फ्रेंच नॉट (सुईला वेढे देऊन केलेली गाठ). लेझी डेझी मी वेगळी मोजत नाही, ती सुटी सोडलेली साखळीच आहे. या सातांवर रुमाल, उशीचे अभ्रे, कुर्त्याचा गळा, लहान मुलांची झबली सगळं निघतं. मोबाइलवर शंभर टाक्यांचे व्हिडिओ सापडतात, ते बघून माणूस दमतो आणि हातात एकही टाका बसत नाही. हेरिंगबोन, फेदर, कच्छी टाका नंतर घ्या.

सामान काय लागेल?

फार नाही. सुती साधं कापड: मांजरपाट, केसमेंट किंवा जरा जाडसर पॉपलीन. मलमल आणि जॉर्जेट आत्ता नको. पंधरा सेंटिमीटरची, म्हणजे सहा इंची लाकडी रिंग. बारीक टोकाची छोटी कात्री. सुती धाग्याच्या तीन-चार लड्या. सुया सात ते नऊ नंबरच्या. इथे एक ध्यानात ठेवा, नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. नवख्या मुली मोठा नंबर म्हणजे मोठी सुई समजून घेतात आणि मग नेढ्यात धागा जात नाही म्हणून रडकुंडीला येतात.

हे सगळं मंगळ बाजाराच्या आसपास एका फेरीत मिळतं. कापड घरी आणलं की धुऊन, इस्त्री करूनच भरायला घ्या. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं, धागा तेवढा आटत नाही, आणि महिनाभराचं काम एका दुपारी चुरगळून बसतं.

लडीतला धागा तसाच ओवायचा का?

नाही. लडीतला धागा सहा पदरांचा असतो आणि लड साधारण आठ मीटरची. त्यातून हवे तेवढे पदर सुटे करायचे: बारीक रेघेला एक किंवा दोन, नेहमीच्या कामाला दोन-तीन, जाड उठावाला सहाही. आधी बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर तुकडा कापा. मग पदर एकेक करून वर ओढून काढा आणि हवे तेवढे पुन्हा एकत्र ठेवा. तीन पदर एकदम ओढले की खाली गुंता झालाच. एकेक काढून जुळवलेले पदर शेजारी शेजारी सपाट बसतात, सॅटिनमध्ये तर हा फरक लांबून दिसतो.

लांब धागा घेतला तर सारखं ओवावं लागत नाही, असं वाटतं खरं. पण लांब धागा दर टाक्याला कापडातून घासत जातो, फिका आणि केसाळ होतो आणि मध्येच स्वतःला गाठ मारून घेतो. धाग्याला पीळ पडला की काम उलटं धरा, सुई खाली लोंबकळू द्या, ती गरगर फिरून पीळ आपला आपण काढते.

सुरुवातीला गाठ मारायची की नाही?

सरावाला मारा. वापरायच्या वस्तूला मारू नका. गाठ इस्त्रीत वर उमटते, धुण्यात सुटते आणि लहान मुलांच्या कपड्यात अंगाला टोचते. दोन बोटं टोक उलट्या बाजूला मोकळं सोडायचं, चार टाके झाले की ते टोक सुईत ओवून त्याच टाक्यांच्या खालून फिरवून कापायचं. शेवटीही तसंच. आमच्या आत्याबाई शेजारणीचं काम बघताना आधी उलटं करून बघायच्या, मग तोंडभर कौतुक करायच्या.

माझ्या कापडाला चुण्या पडतात. काय चुकतंय?

ओढ. हा प्रश्न दर शनिवारी येतो, म्हणून सविस्तर सांगते.

रिंगमध्ये कापड डफासारखं ताणलेलं असतं, त्यामुळे त्यात काम करताना सगळं सपाट दिसतं. रिंग काढली की कापड मूळ मापावर येतं, आणि ज्या टाक्यांत धागा खेचून बसवलेला असतो तिथे ते गोळा होतं. म्हणजे चूक आधीच झालेली असते, दिसते मात्र शेवटी. उपाय असा, की धागा कापडाला टेकला की थांबायचं. टेकला की थांब, हे तीन शब्द मी इतक्या वेळा म्हणते की मुली माझ्या आधीच म्हणून टाकतात. टाका बरोबर बसला की नाही हे बघायला त्याच्याखाली सुईचं टोक घालून बघा. टोक अलगद सरकलं तर ओढ ठीक, अडलं तर जास्त, आणि टाक्याचा लोंबता फास झाला तर कमी.

दुसरं कारण उलट्या बाजूला सापडतं. एका फुलापासून चार बोटांवरच्या दुसऱ्या फुलाकडे जाताना धागा न कापता मागून तसाच नेलेला असतो. तो लांब धागा कापडाला दोन्हीकडून धरून ओढतो, शिवाय पांढऱ्या कापडातून त्याची सावली दिसते. बोटभराच्या पुढे उडी मारायची झाली तर धागा संपवा आणि नव्याने सुरू करा.

आणि काम थांबवलं की रिंग काढून ठेवा. रात्रभर तशीच राहिली तर कापडावर गोल वळ उठतो. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली तर कापड घसरतही नाही.

उलटी टीप आणि देठाचा टाका यांत माझा कायम घोळ होतो.

तो होणारच, कारण दोन्ही एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. उलट्या टिपेत सुई एक टाका पुढे वर काढायची आणि मागे येऊन आधीच्या टाक्याच्या टोकात खाली घालायची. देठाच्या टाक्यात पुढे जाऊन खाली घालायची आणि अर्धं अंतर मागे येऊन वर काढायची. आता उलट्या टिपेचा एक तुकडा पालथा करून बघा, मागे देठासारखा पीळ दिसेल. देठाचा टाका पालथा करा, मागे टिपेसारखी सरळ रांग दिसेल. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की घोळ संपतो. वर्गात हे दाखवलं की कुणी ना कुणी हमखास "अय्या!" म्हणतंच.

देठाच्या टाक्यात धागा कायम रेघेच्या एकाच बाजूला धरायचा. मध्येच बाजू बदलली तर पीळ तुटतो आणि वेल तिथे मोडल्यासारखी दिसते.

साखळी टाका सुटून का येतो? आणि कच्छी कामातली साखळी इतकी बारीक कशी?

शेवटची कडी बांधलेली नसते म्हणून सुटतो. साखळीत सुई ज्या भोकातून वर आली त्याच भोकात परत घालायची, पुढे टोक वर काढायचं, धागा टोकाखाली अडकवून घ्यायचा. प्रत्येक कडी पुढच्या कडीने धरलेली असते, शेवटचीला धरायला कुणी नसतं. तिच्या टोकावर एक छोटा आडवा टाका घालून तिला खिळवायचं. वळणावर कड्या लहान घ्या, नाहीतर गोल फूल अष्टकोनी होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं. कच्छमधलं मोची भरत सुईने होत नाही, आरीने होतं. आरी म्हणजे टोकाशी आकडा असलेली लांब सुई. चामड्यावर नक्षी काढणाऱ्या मोची कारागिरांचं हे हत्यार, तेच पुढे रेशमी कापडावर आलं आणि भूजच्या दरबारासाठी त्यावर अतिशय नाजूक काम झालं. कापड चौकटीवर ताणलेलं असतं, धागा खालून एका हातात, वरून आरी आत जाते, धाग्याचा फास पकडून वर आणते, त्याच फासातून पुन्हा आत जाते. वरून दिसते ती साखळीच. म्हणजे तुम्ही आज जी कडी शिकलात ती त्याच घराण्यातली आहे, फक्त तिथे हात शेकडो पटींनी मुरलेला आहे.

हे काम प्रामुख्याने पुरुष करत. म्हणून कुणी संकोचून विचारलं की "आमच्या मुलाला पाठवलं तर चालेल का?", तर मी हेच सांगते आणि त्याच्या हातात रिंग देते.

फ्रेंच नॉट कापडातून आरपार निघून जातो.

ज्या भोकातून वर आलात त्याच भोकात खाली जाता आहात. कापडाचे एक-दोन धागे सोडून घाला. सुईवर दोन वेढे पुरेत, आणि सुई खाली जाईपर्यंत डाव्या हाताने धागा ताणून धरा.

सॅटिन गुळगुळीत येत नाही, कडा करवतीसारख्या दिसतात.

आधी आकाराच्या कडेने उलटी टीप घाला आणि सॅटिनचे टाके तिच्या बाहेरून घाला, म्हणजे टीप आत झाकली जाते. कड तिच्यामुळे सरळ राहते. पान भरताना टोकापासून सुरू करू नका. मध्यावर एक तिरपा टाका घाला, एका बाजूला भरत जा, मग परत मध्याला येऊन दुसरी बाजू. तिरपेपणा टिकतो. आणि एक सेंटिमीटरपेक्षा लांब टाका वापरायच्या कपड्यावर नको, बांगडीत अडकतो. मोठी पाकळी असेल तर मध्ये भाग पाडा, किंवा लांब-आखूड टाके एकमेकांत मिसळत भरा.

नक्षी कापडावर कशी उतरवायची?

पातळ पांढरं कापड असेल तर नक्षी खाली ठेवून खिडकीच्या काचेवर धरा आणि पेन्सिलीने गिरवा, याहून सोपं काही नाही. गडद कापडावर पिवळा किंवा पांढरा कार्बन. एकच नक्षी अनेक वेळा हवी असेल तर जुनी छापाईची पद्धत: ट्रेसिंग पेपरवर रेघेवरून सुईने भोकं पाडायची, आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा.

हल्ली पुसून जाणारी पेनं निघाली आहेत. त्यांचे दोन प्रकार नीट ओळखा. पाण्याने जाणाऱ्या पेनाच्या रेघेवर इस्त्री फिरवली तर डाग पक्का बसू शकतो, म्हणून आधी गार पाण्यात बुडवायचं, मग इस्त्री. उष्णतेने जाणाऱ्या पेनाचं वेगळंच. इस्त्री फिरवली की रेघ दिसेनाशी होते, पण थंडीत परत येऊ शकते. हे मला एका ओढणीने शिकवलं. भाचीसाठी केलेली ती ओढणी तिने डिसेंबरात हिमाचलला नेली आणि तिथून फोटो पाठवला: मोराभोवती मी मारलेल्या सगळ्या कच्च्या रेघा पुन्हा उमटलेल्या. इस्त्रीने त्या परत गेल्या, पण भेट द्यायच्या वस्तूवर ते पेन मी त्यानंतर वापरलं नाही.

नवरात्रासाठी आभला लावायचा आहे. गरबा खेळताना पडतो, तो पडू नये म्हणून काय करू?

आभल्याला भोक नसतं. त्याला धरून ठेवतं ते दोऱ्यांचं जाळं, तेव्हा सगळी मदार त्या जाळ्यावर. (बाजारात भोकाच्या पट्टीत बसवलेले तयार आभले मिळतात, ते टाचणं म्हणजे बटण लावणं, त्याबद्दल मी इथे बोलत नाही.)

आभला कापडावर ठेवा, अंगठ्याने दाबून धरा. आधी चार दोरे असे घाला की मध्ये चौकोन तयार होईल: दोन उभे, दोन आडवे, आणि आडवे घालताना उभ्या दोऱ्यांना एकेक वेढा देत चला. मग तसेच चार दोरे तिरपे. नवख्या मुली हे दोरे कडेजवळ घालतात, कारण आरसा जास्त दिसावा असं वाटतं. पुढचा टाका हे दोरे बाहेर ओढतो, ते कडेवरून घसरतात आणि पहिल्याच फेरीत आभला मैदानावर. दोरे मध्याकडे घाला, आणि एवढ्या एका ठिकाणी "टेकला की थांब" विसरा, इथे ओढ घट्टच हवी.

आता कडेला सुई वर काढा. सुई मधल्या चौकोनातून जाळ्याच्या दोऱ्यांखाली घालून बाहेर काढा, धागा सुईच्या टोकाखाली ठेवून ओढा. हा झाला एक फास. मग आभल्याच्या अगदी कडेला कापडाचा बारीकसा घास घ्या, पुन्हा धागा टोकाखाली. एक टाका जाळ्यातून, एक कापडातून, असं गोल फिरत या. जाळं हळूहळू चारी बाजूंनी मागे सरकतं आणि मध्ये आरसा उघडतो. हे उघडणं बघण्यासारखं असतं, पहिल्यांदा करणारी प्रत्येक जण तिथे थांबून हसते.

धागा तीन पदरी किंवा चार पदरी घ्या. हाताने कापलेल्या आभल्याची कड धारदार असते आणि धागा कापते, तिला आधी दगडावर हलकेच घासून घ्या. आणि कापड जाड हवं. घेराच्या चणियाला शंभर आभले लावायचे असतील तर गणेशोत्सवात सुरुवात करा, घटस्थापनेच्या आदल्या रात्री माझ्या दारात येऊ नका.

बाळंतविड्यात भरतकाम करायचं आहे. काय काळजी घ्यावी?

मऊ, धुतलेलं सुती कापड. आभले, मणी, टिकल्या काहीही नको, सुटलं तर थेट बाळाच्या तोंडात जातं. झबल्याला काम गळ्यापाशी न करता खालच्या घेराला करा आणि मागून मलमलची पट्टी लावा, म्हणजे टाक्यांची उलटी बाजू कातडीला लागत नाही. लाळेऱ्याला काठाने काजाचा टाका छान दिसतो आणि काठ मजबूतही होतो. दुपट्याला चारी बाजूंनी दोन पदरी धावदोरा, कोपऱ्यात लेझी डेझीची पाच पाकळ्यांची फुलं, एवढं पुरतं.

लाल आणि गडद निळा धागा वापरण्याआधी तपासा. हातभर धागा ओला करून पांढऱ्या चिंधीत दाबा, रंग उतरला तर तो धागा बाळंतविड्यात नको.

मी डावखुरी आहे.

माझ्या शेजारी न बसता समोर बसा. माझा उजवा हात जिकडे जातो तिकडेच तुमचा डावा जाईल, आरशात बघितल्यासारखं. उजव्या हाताची माणसं देठाचा टाका डावीकडून उजवीकडे नेतात, तुम्ही उजवीकडून डावीकडे न्या. उजेड मात्र उजव्या खांद्यावरून घ्या.

मुलांना कितव्या वर्षी शिकवावं?

सात-आठव्या वर्षी, मॅटीच्या कापडावर, बोथट टोकाच्या सुईने. मॅटीची घरं मोजत फुल्या घालणं मुलांना खेळासारखं वाटतं. एका वेळी वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही.

मोती भरता येतात का?

येतात, आणि बडोद्याच्या माणसाला तर यायलाच हवेत. खंडेराव महाराज गायकवाडांनी 1865च्या सुमारास करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा जगप्रसिद्ध आहे. रेशीम आणि हरणाच्या कातड्याच्या पायावर बसऱ्याचे बारीक मोती दाटीने भरलेले, मध्ये हिरे-माणकं. 2009मध्ये दोह्याच्या लिलावात तो विकला गेला. आपल्या गावाला आता त्याचे फोटोच उरलेत, याचं मला वाईट वाटतं.

घरी करताना प्रत्येक मोत्याला उलटी टीप घाला: मोती ओवा, खाली जा, पुढे वर या, मागे येऊन पुन्हा त्याच मोत्यातून जा. एकेरी टाक्यात ओवलेली माळ एका जागी तुटली की सगळी ओघळते. धागा भरतकामाचा नको, मजबूत शिलाईचा घ्या.

चांगलं काम पाहायला कुठे जावं?

शिकताना बघणं फार उपयोगी पडतं, म्हणून वेळ काढून जाच. अहमदाबादचं कॅलिको म्युझियम 1949चं, तिथला भरतकामाचा संग्रह मन लावून बघा, जाण्याआधी नोंदणी करावी लागते. कच्छला गेलात तर भूजजवळ अजरखपूरला एलएलडीसी (लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर) आहे. चंदाबेन श्रॉफ यांनी 1969च्या दुष्काळात कच्छमधल्या बायकांना भरतकामातून मिळकत मिळावी म्हणून काम सुरू केलं, त्यातून 'श्रुजन' ही संस्था उभी राहिली आणि हे केंद्र तिचंच. तिथे आहीर, रबारी, सूफ, खारेक ही भरतं वेगवेगळी ओळखायला शिकता येतात. सूफ तर कापडाचे धागे मोजून, मागच्या बाजूने, कसलीही रेघ न मारता भरतात.

आपल्या गावातही ही परंपरा जुनी आहे. महाराणी चिमणाबाईंच्या नावाचं स्त्री उद्योगालय इथे 1914मध्ये सुरू झालं ते बायकांनी हातातल्या कलेवर चार पैसे कमवावेत म्हणूनच. त्यामुळे "याचा पुढे काय उपयोग?" असं घरात कुणी विचारलं तर बिचकू नका.

चुकलेला टाका उसवायचा की राहू द्यायचा?

एक-दोन टाके असतील तर सुई काढून नेढ्याच्या बाजूने उसवा. जास्त असतील तर मागून कापा आणि तो धागा टाकून द्या, उसवलेला धागा पुन्हा नीट बसत नाही. सरावाच्या कापडावर काहीच उसवू नका.

अर्धवट राहिलेलं काम दोन-तीन वर्षांनी पुन्हा हातात घेता येईल का?

जरूर. आधी रिंग राहिली असेल तर काढा, कापड गार पाण्यात साध्या साबणाने धुवा आणि जाड टॉवेलवर पालथं घालून मागून इस्त्री करा, म्हणजे फुगलेले टाके चेपत नाहीत. जुन्या रंगाची लड त्याच नंबरची मिळाली तरी किंचित वेगळी दिसू शकते, म्हणून अर्ध्या पाकळीपासून न धरता नव्या फुलापासून सुरू करा. आणि सुई कापडात टोचून ठेवली असेल तर तिथे बघा. पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत तिने गंज सोडलेला असतो. पांढऱ्या कापडावर लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवलं तर डाग बहुधा निघतो. रंगीत असेल तर तिथे एक फ्रेंच नॉट घालून द्या.